विश्लेषण : पावसाची सरासरी भरली, मग पीक का गेले? मंडळाच्या पावसाचा आलेख ‘आर’मध्ये कसा काढायचा?

सप्टेंबर संपत आला की जिल्ह्याच्या पावसाची टक्केवारी बातम्यांत येते. सरासरी गाठली, सरासरी ओलांडली, दोन टक्क्यांनी हुकली. लोणार तालुक्यातल्या सुलतानपूरच्या शिवारात उभा असलेला शेतकरी ती बातमी मोबाइलवर वाचतो आणि समोरच्या सोयाबीनकडे पाहतो. फुलोऱ्यात पावसाने ओढ दिली, शेंगा भरताना ताण पडला आणि काढणीच्या तोंडावर एका रात्रीत शेत चिभडले. टक्केवारीत यातले काहीच दिसत नाही. तरीही टक्केवारी खोटी नसते. पाऊस किती पडला एवढेच ती सांगते, कधी पडला ते सांगत नाही.

कधी पडला, हे दाखवण्याचे काम आलेखाचे. तो काढण्यासाठी आता मोठ्या कार्यालयाची, महागड्या सॉफ्टवेअरची गरज उरलेली नाही. जगभरचे संख्याशास्त्रज्ञ वापरतात ती ‘आर’ ही संगणकभाषा मोफत आहे आणि पावसाचे मंडळनिहाय आकडे सार्वजनिक आहेत. गावातली बारावी झालेली मुलगी किंवा मुलगा दोन-तीन रविवारी बसून हे शिकू शकतो. कसे, ते पाहू.

एकच बेरीज, दोन वेगळे जुलै

आधी एक काल्पनिक उदाहरण घेऊ. समजा, दोन गावे आहेत, ‘अ’ आणि ‘ब’. दोन्हीकडे जुलै महिन्यात १८० मिलिमीटर पाऊस पडला. ‘अ’ गावात दर दोन-तीन दिवसांनी १५ मिलिमीटर, असा १२ दिवस पडला. ‘ब’ गावात ३ जुलैला ८, ४ जुलैला ६२ आणि मग थेट २६ जुलैला ११० मिलिमीटर पडला. मधले २१ दिवस थेंब नाही.

दोन्ही गावांची बेरीज १८०. दिवसाची सरासरी दोन्हीकडे ५.८ मिलिमीटर. कोणी म्हणेल, सरासरीऐवजी मध्यक काढू. तोही दोन्हीकडे शून्य येतो, कारण निम्म्याहून अधिक दिवस दोन्हीकडे कोरडेच आहेत. म्हणजे शाळेत शिकलेली दोन्ही हत्यारे इथे बोथट. पण ३१ दिवसांचे ३१ स्तंभ शेजारी शेजारी उभे केले, तर लहान मूलही सांगेल की ‘ब’ गावचे पीक अडचणीत आहे.

संख्याशास्त्रात याचे एक गाजलेले उदाहरण आहे. फ्रान्सिस अन्स्कोम यांनी १९७३ मध्ये आकड्यांचे चार संच तयार केले. प्रत्येकात ११ जोड्या. चारही संचांत क्षची सरासरी ९, यची सरासरी ७.५, दोहोंतला सहसंबंधही जवळपास एकच, ०.८१६. आकडेमोडीवरून चारही जुळी भावंडे वाटतात. आलेख काढला की एकात साधारण सरळ रेषा, दुसऱ्यात कमान, तिसऱ्यात एक बिंदू भलतीकडे आणि चौथ्यात सगळे बिंदू एका उभ्या रांगेत, एक तेवढा दूर. हे चारही संच ‘आर’मध्ये आयतेच दिलेले असतात.

सुलतानपूरला याचे काय?

बरेच काही. अतिवृष्टीच्या मदतीसाठी आपल्या राज्यात महसूल मंडळाचा पाऊस पाहिला जातो. २४ तासांत ६५ मिलिमीटरपेक्षा जास्त पाऊस नोंदला गेला, तर त्या मंडळात अतिवृष्टी झाली असे धरतात. वरच्या ‘ब’ गावात ४ जुलैला ६२ पडला होता, तीन मिलिमीटरने हुकला.

पावसाच्या खंडाचेही तसेच. ऑगस्ट २०२३ हा १९०१ पासूनचा देशातला सर्वांत कोरडा ऑगस्ट ठरला, पावसाची तूट ३६ टक्के होती. त्या खरिपात राज्यात सलग २१ दिवसांच्या खंडाचा मुद्दा मंडळनिहाय चर्चिला गेला आणि पीकविम्याच्या २५ टक्के आगाऊ रकमेचा प्रश्न त्याच्याशी जोडलेला होता. विम्याचे निकष २०२५च्या खरिपापासून बदलले आहेत. पण ‘आमच्या मंडळात नेमके किती दिवस पाऊस नव्हता?’ हा प्रश्न ग्रामसभेत आणि तहसीलच्या पायरीवर विचारला जातोच. तिथे ‘लय दिवस’ हे उत्तर चालत नाही.

‘आर’ म्हणजे नक्की काय?

अमेरिकेतल्या बेल प्रयोगशाळेत १९७६ मध्ये जॉन चेंबर्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ‘एस’ नावाची संगणकभाषा तयार केली. तिच्या धर्तीवर न्यूझीलंडच्या ऑकलंड विद्यापीठातल्या रॉस इहाका आणि रॉबर्ट जंटलमन यांनी १९९०च्या दशकात ‘आर’ लिहिली. दोघांच्या नावांचे पहिले अक्षर एकच, शिवाय ‘एस’च्या शेजारचे, म्हणून हे नाव. पहिली पक्की आवृत्ती २९ फेब्रुवारी २००० रोजी आली. ती मुक्त परवान्याखाली आहे. पैसे नाहीत, नोंदणी नाही, मुदत संपणे नाही.

मूळ ‘आर’वर जगभरच्या लोकांनी २० हजारांहून अधिक जोड-संच लिहिले आहेत. त्यांना पॅकेज म्हणतात. आलेखांसाठी सर्वांत लोकप्रिय आहे ते हॅडली विकम यांचे ‘जीजीप्लॉट-२’. बीबीसीच्या आकडेवारी पाहणाऱ्या पत्रकारांनीही आपले आलेख त्यावर बेतले आणि २०१९ मध्ये आपली पद्धत सर्वांसाठी खुली केली.

एक्सेलमध्ये हे होत नाही का? होते. एका महिन्याचा एक आलेख काढायचा असेल तर एक्सेलच बरे, उगाच ‘आर’चा घाट घालू नये. पण पावसाळा १ जून ते ३० सप्टेंबर, म्हणजे १२२ दिवसांचा. बुलडाणा जिल्ह्यात तालुके १३. तालुक्यांचाच पाऊस मांडायचा तर १,५८६ नोंदी झाल्या. मंडळे आणि मागची पाच वर्षे धरली की माउसने ओढत बसणे अशक्य होते. शिवाय माउसने नक्की काय काय केले, हे दुसऱ्याला दाखवता येत नाही. ‘आर’मध्ये प्रत्येक पायरी लिहिलेली असते. तुमच्या आलेखावर कोणी शंका घेतली, तर त्या दहा-बारा ओळी त्याच्या हाती द्यायच्या आणि म्हणायचे, तुम्हीच चालवून पाहा.

फक्त मोबाइल असेल तर?

खरे सांगायचे तर संगणक हवा. जुना लॅपटॉप चालेल. त्यावर आधी ‘आर’ आणि मग ‘आर-स्टुडिओ’ हे तिची खिडकी सोपी करणारे सॉफ्टवेअर टाकायचे. तोवर ‘गूगल कोलॅब’ किंवा ‘पॉझिट क्लाउड’ ही संकेतस्थळे मोबाइलच्या ब्राउझरमध्ये उघडता येतात. आज्ञा तिथे लिहायच्या, गणित त्यांच्या संगणकावर होते. मात्र मोबाइलचा कीबोर्ड दोन खोड्या करतो. ओळीचे पहिले अक्षर आपोआप मोठे करतो, आणि ‘आर’ला लहान-मोठे अक्षर वेगळे वाटते. दुसरे, सरळ अवतरणचिन्हाऐवजी वळणदार चिन्ह टाकतो, तेही तिला चालत नाही. नव्याने शिकणाऱ्याचा अर्धा तास यातच जातो आणि ‘आपल्याला जमत नाही’ असा गैरसमज होतो. दोष कीबोर्डचा असतो.

शिकण्यासाठी मुंबईच्या आयआयटीचा ‘स्पोकन ट्युटोरियल’ हा उपक्रम आहे. ‘आर’सह अनेक मुक्त सॉफ्टवेअरचे छोटे व्हिडीओ-पाठ तिथे मोफत आहेत.

आकडे आणायचे कुठून?

राज्याच्या कृषी विभागाच्या ‘महारेन’ या संकेतस्थळावर जिल्हा, तालुका आणि मंडळनिहाय दैनंदिन पाऊस मिळतो. ‘महावेध’ प्रकल्पातून राज्यातल्या दोन हजारांहून अधिक महसूल मंडळांत स्वयंचलित हवामान केंद्रे उभी आहेत. आकडे एका साध्या तक्त्यात उतरवायचे. एका ओळीत एक दिवस, आणि रकाने तीनच : तारीख, मंडळ, पाऊस. ही फाइल ‘सीएसव्ही’ प्रकारात जपून ठेवायची.

इथेच खरे काम सुरू होते. आलेख काढायला पाच मिनिटे लागतात, आकडे निवडायला पाच तास. धान्य पाखडल्याशिवाय दळायला नेत नाहीत, तसेच.

पहिला खडा अंकांचा. सरकारी तक्ते अनेकदा देवनागरी अंकांत असतात. ‘६५’ ही संख्या आहे हे आपल्याला कळते, ‘आर’ला ते एक चित्र वाटते. तिला संख्येत बदलायला सांगितले तर ती हात वर करते. उपाय सोपा आहे. ‘सीएचएआरटीआर’ अशी अक्षरे असलेली एक आज्ञा आहे. तिला शून्य ते नऊ हे दहा देवनागरी अंक आणि त्यांच्यासमोर दहा इंग्रजी अंक दिले की सगळा रकाना एका फटक्यात बदलतो. तक्ता जुन्या, युनिकोड नसलेल्या फॉन्टमध्ये असेल तर मात्र आधी मजकूर युनिकोडमध्ये आणावा लागतो.

दुसरा खडा तारखेचा. ‘०५/०७’ म्हणजे आपल्याकडे ५ जुलै, अमेरिकी पद्धतीत ७ मे. ‘ॲज-डॉट-डेट’ या आज्ञेला आधी दिवस, मग महिना, मग वर्ष असा क्रम स्पष्ट सांगायचा. नाही सांगितला, तर आलेख तरीही निघतो, फक्त चुकीचा निघतो. असा आलेख तर जास्त धोक्याचा.

तिसरा खडा सर्वांत मोठा आहे : शून्य आणि रिकामी जागा. शून्य म्हणजे पाऊस मोजला आणि तो पडला नव्हता. रिकामी जागा किंवा आडवी रेघ म्हणजे त्या दिवशी मोजलाच गेला नाही. यंत्र बंद असेल, नोंद आली नसेल, काहीही असेल. घाईत लोक रिकाम्या जागी शून्य भरून टाकतात. मग यंत्र बंद असलेले चार दिवस पावसाच्या खंडात मोजले जातात किंवा मुसळधार पडलेली रात्र कोरडी ठरते. एक्सेल बेरीज करताना रिकाम्या जागा गुपचूप ओलांडून पुढे जाते. ‘आर’ तसे करत नाही. रकान्यात एक जरी नोंद गहाळ असली तरी ती बेरीज देत नाही, ‘एनए’ अशी दोन अक्षरे तोंडावर फेकते. गहाळ नोंदी वगळून बेरीज कर, असे तिला मुद्दाम सांगावे लागते. सुरुवातीला याचा राग येतो. पण मंडळाच्या पावसावर मदत ठरत असेल तर असा हटवादी हिशेबनीस असलेला बरा.

चौथी गोष्ट खडा नाही, पण माहीत हवी. पावसाचा दिवस रात्री बारा वाजता बदलत नाही. हवामान खात्याच्या पद्धतीने आदल्या दिवशी सकाळी साडेआठ ते आज सकाळी साडेआठ एवढा पाऊस आजच्या तारखेला लिहिला जातो. ४ जुलैच्या रात्री झोडपले असेल तर कागदावर तो ५ जुलैचा पाऊस. आणखी एक. पहाटे चारला सुरू होऊन दुपारपर्यंत चाललेला पाऊस साडेआठला कापला जातो. आधी ४० आणि नंतर ४० मिलिमीटर पडला, तर एकूण ८० असूनही दोन्ही तारखांना ६५ची रेषा गाठली जात नाही. गावात ‘एवढा पडला, तरी नोंद का नाही?’ हा वाद निघतो, त्यातल्या काही वादांचे मूळ इथे असते.

पहिला आलेख

आता वरच्या काल्पनिक गावांचेच आकडे घेऊ, म्हणजे सरावासाठी फाइलही नको. ‘ब’ गावचे आकडे लिहिताना २१ वेळा शून्य टाइप करायची गरज नाही. ‘आरईपी’ या आज्ञेला ‘शून्य, २१ वेळा’ सांगितले की झाले. त्या यादीला एक नाव द्यायचे आणि ‘बारप्लॉट’ या आज्ञेच्या कंसात ते नाव टाकायचे. एंटर दाबले की ३१ दिवसांचा स्तंभालेख समोर. दहावीत पट्टी-पेन्सिलने आलेखकागदावर काढला तोच हा.

दोन्ही गावांचे आलेख शेजारी ठेवले की मात्र एक गंमत होते. ‘अ’ गावचे १५ मिलिमीटरचे स्तंभ आणि ‘ब’ गावचा ११० मिलिमीटरचा स्तंभ सारख्याच उंचीचे दिसतात. कारण मूळ ‘आर’ प्रत्येक चौकटीत त्या त्या आकड्यांना पुरेल असे स्वतंत्र प्रमाण घेते. उभ्या अक्षावर दोन्हीकडे शून्य ते १२० असे सांगितले, की खरे चित्र येते. तुलनेसाठी शेजारी ठेवलेल्या कोणत्याही दोन आलेखांत आधी उभा अक्ष वाचावा, वर्तमानपत्रातल्या आलेखांतही.

‘जीजीप्लॉट-२’ची रीत वेगळी आहे. लीलंड विल्किन्सन यांनी १९९९ मध्ये ‘द ग्रामर ऑफ ग्राफिक्स’ हे पुस्तक लिहिले. वाक्याला जसे व्याकरण असते तसे आलेखालाही असते, हा त्यातला विचार. विकम यांचे पॅकेज त्यावर उभे आहे. इथे आधी सांगायचे की आडव्या अक्षावर तारीख, उभ्या अक्षावर पाऊस. मग अधिकचे चिन्ह देऊन एकेक थर चढवायचा. एक थर स्तंभांचा, त्यावर एक थर ६५ मिलिमीटरच्या आडव्या लाल रेषेचा, त्यावर शीर्षकाचा. शेवटी ‘फॅसेट-रॅप’ म्हणून मंडळाचा रकाना दिला, की तालुक्यातल्या प्रत्येक मंडळाची छोटी चौकट वेगळी होते. सुलतानपूर, बिबी, लोणार सगळी एका पानावर, आणि विशेष म्हणजे सगळ्यांना एकच प्रमाण. वेगळे प्रमाण हवे असेल तर ते मुद्दाम मागावे लागते.

६५ची रेषा एकदा आखली, की दोन प्रकारचे दिवस लगेच नजरेत भरतात. रेषा ओलांडणारे, आणि रेषेच्या अगदी खाली डोके टेकवून थांबलेले. बेरजेच्या तक्त्यात हे दुसरे दिवस कधीच सापडत नाहीत.

खंड मोजायचा कसा?

डोळ्यांनी मोजता येतो, पण पाच वर्षांचे आकडे असतील तर चूक होते. ‘आर’मध्ये ‘आरएलई’ नावाची तीन अक्षरी आज्ञा आहे. एकाच प्रकारच्या नोंदी सलग किती आल्या, हे ती मोजते. हवामान खात्याच्या हिशेबात २.५ मिलिमीटर किंवा जास्त पाऊस असेल तरच तो पावसाळी दिवस. म्हणून आधी प्रत्येक दिवसाला ‘२.५ पेक्षा कमी आहे का?’ असे विचारायचे. हो-नाहीची लांब माळ तयार होते. ती ‘आरएलई’ला दिली की ती सांगते : आधी दोन दिवस हो, मग दोन दिवस नाही, मग २१ दिवस हो, एक दिवस नाही, शेवटी पाच दिवस हो. आपल्या ‘ब’ गावचा जुलै एका ओळीत आला.

२.५ या आकड्याने काय फरक पडतो, तेही करून पाहा. १५ जुलैला फक्त दोन मिलिमीटरची सर आली असे धरा. २.५ची अट ठेवली तर खंड २१ दिवसांचाच राहतो. ‘थेंबही नको’ अशी अट लावली तर तो दहा-दहा दिवसांच्या दोन तुकड्यांत मोडतो. पाऊस तोच, पिकावरचा ताणही तोच, निकषाची एक ओळ बदलली की उत्तर बदलते. पत्रक काढणाऱ्याने आणि वाचणाऱ्यानेही निकष कोणता, हे आधी विचारावे.

आणखी एक आलेख उपयोगाचा आहे, संचित पावसाचा. ‘सीयूएमएसयूएम’ ही आज्ञा १ जूनपासूनची चालू बेरीज करत जाते. तिची रेषा काढली की जिन्यासारखी दिसते. पाऊस पडला तिथे पायरी चढते, उघडीप असेल तिथे सपाट जाते. सरासरी पावसाची रेषा त्यावर टाकली, की महिनाभर मागे पडलेले मंडळ एका रात्रीत सरासरी कसे ‘भरून काढते’ ते स्पष्ट दिसते. सुरुवातीच्या कोड्याचे उत्तर या एका चित्रात आहे.

मराठी अक्षरे का तुटतात?

आलेख मराठीत असायला हवा, नाहीतर गावात दाखवून उपयोग काय? पण शीर्षकात ‘सुलतानपूर मंडळ’ लिहिले की कधी नुसते चौकोन येतात, कधी पहिली वेलांटी भलत्या बाजूला जाते, कधी जोडाक्षरे फुटतात. कारण देवनागरीत अक्षरे एकामागे एक ठेवून भागत नाही, ती एकमेकांत बसवावी लागतात. हे बसवण्याचे काम चित्र तयार करणारा आतला भाग करतो, आणि ‘आर’चे काही जुने भाग ते करत नाहीत. पीडीएफची नेहमीची आज्ञा त्यांतलीच.

यावर ‘रॅग’ नावाचे पॅकेज आहे. ते टाकायचे आणि ‘आर-स्टुडिओ’च्या सेटिंगमध्ये ग्राफिक्सच्या पानावर ‘एजीजी’ हा पर्याय निवडायचा. सोबत युनिकोड फॉन्ट हवा. मुंबईच्या ‘एक टाइप’ने केलेला ‘मुक्ता’ हा फॉन्ट मोफत आहे आणि मोबाइलच्या छोट्या पडद्यावरही वाचायला स्वच्छ. विंडोजवर ‘आर’ची ४.२ किंवा त्यानंतरची आवृत्ती घ्यावी, त्यात मराठी मजकुराचा त्रास पूर्वीपेक्षा बराच कमी आहे.

आलेख फसवतो का?

फसवू शकतो. सोयाबीनचा हमीभाव घ्या. २०२०-२१ मध्ये क्विंटलला ३,८८० रुपये होता, त्यानंतरच्या वर्षांत अनुक्रमे ३,९५०, ४,३००, ४,६००, ४,८९२ आणि २०२५-२६ साठी ५,३२८. पाच वर्षांतली वाढ सुमारे ३७ टक्के. स्तंभालेख शून्यापासून सुरू केला तर शेवटचा स्तंभ पहिल्याच्या एक-तृतीयांशाहून थोडा अधिक उंच दिसतो. आता उभा अक्ष ३,५०० पासून सुरू करा. पहिल्या स्तंभाची उंची ३८० उरते, शेवटच्याची १,८२८. डोळ्यांना वाढ जवळपास पाचपट वाटते! आकडा एकही बदललेला नाही.

‘जीजीप्लॉट-२’ इथे थोडी आडवी येते. स्तंभांच्या आलेखात नेहमीच्या पद्धतीने अक्ष ३,५०० पासून ५,५०० पर्यंत मर्यादित केला, तर स्तंभच गायब होतात आणि इशारा येतो. कारण प्रत्येक स्तंभ शून्यापासून उभा आहे आणि शून्य तुम्ही कापले. तोडगा निघतो, पण मुद्दाम काढावा लागतो. रेषालेखाला हा नियम तितका कडक नाही. तापमानाची रेषा शून्यापासून काढली तर सपाटच दिसेल.

आणि प्रमाण बरोबर असले तरी आलेखात काय नाही, हेही पाहावे. हमीभावाची चढती रेषा सुरेख दिसते. २०२४च्या हंगामात बाजारात सोयाबीन हमीभावाच्या खाली विकले गेले. बाजारभावाची दुसरी रेषा तिच्यासोबत नसेल तर चित्र अर्धे आहे. खताची, मजुरीची तिसरी रेषा घातली तर आणखी वेगळे.

लोणारचे नाते

थोडे विषयांतर, पण सुलतानपूरकरांना आवडेल असे. ‘आर’ उघडून ‘व्होल्कॅनो’ हा शब्द लिहिला की ८७ ओळी आणि ६१ रकान्यांचा उंचीचा तक्ता मिळतो. ऑकलंडमधल्या माउंगाव्हाउ या ज्वालामुखीच्या विवराचा तो तक्ता, नकाशावरून उतरवला खुद्द रॉस इहाका यांनी. त्यावर ‘कॉन्टूर’ ही आज्ञा चालवली की समोच्चरेषा उमटतात, ‘पर्स्प’ चालवली की खोलगट वाटी उभी राहते. जगभरचे विद्यार्थी नकाशाचे आलेख या विवरावर शिकतात.

आपल्याकडचे विवर सुलतानपूरहून काही किलोमीटरवर आहे. ते ज्वालामुखीचे नाही, अशनीच्या आघाताचे, बेसाल्ट खडकातले, सुमारे १.८ किलोमीटर व्यासाचे. लोणारच्या उंचीचा असाच तक्ता कोणी विद्यार्थ्याने भूपृष्ठाच्या उपग्रही आकड्यांवरून तयार केला, तर त्याच दोन आज्ञांनी लोणारची वाटी पडद्यावर उभी राहील. जून २०२० मध्ये सरोवराचे पाणी गुलाबी झाले, तेव्हा पाण्याची पातळी आणि खारटपणाची चर्चा देशभर झाली. त्या पातळीची वर्षानुवर्षांची रेषाही याच साधनाने काढता येते.

आलेख पुरावा ठरतो का?

सरकारदरबारी पुरावा नोंदीचा असतो, चित्राचा नाही. आलेख त्या नोंदी वाचता येतील अशा करतो एवढेच. शिवाय तो मंडळाच्या केंद्रावर पडलेला पाऊस दाखवतो, तुमच्या बांधावरचा नाही. एका मंडळात अनेक गावे येतात. या शिवारात ढगफुटीसारखा पडला आणि केंद्र असलेल्या गावात ऊन होते, असे आपल्याकडे नेहमी घडते. यावर उपाय घरचा आहे. साधा पर्जन्यमापक उघड्या जागी, झाडा-भिंतींपासून दूर बसवायचा, रोज सकाळी साडेआठला वाचायचा आणि वहीत लिहायचा. गावातल्या शाळेने हे काम घेतले तर उत्तमच. त्या वहीची अधिकृत नोंदीत गणना होणार नाही. पण मंडळाच्या स्तंभांशेजारी शाळेचे स्तंभ वेगळ्या रंगात उभे केले, तर पंचनाम्याची मागणी करताना नेमक्या कोणत्या तारखांबद्दल बोलायचे हे गावाला कळेल.

एकदा लिहिलेल्या ओळी एका फाइलमध्ये जपून ठेवायच्या. पुढच्या १ जूनला नव्या वर्षाच्या तक्त्याचे नाव बदलायचे, रोज एक आकडा वाढवायचा आणि फाइल पुन्हा चालवायची. बाकी काही बदलत नाही. आलेखाचे चित्र मोबाइलवर घेऊन गावाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकताना त्याखाली दोन गोष्टी मात्र लिहाव्यात : आकडे कुठून घेतले आणि किती दिवसांच्या नोंदी गहाळ आहेत.